ग्राहकाचे नाव

दर महिन्याच्या सात तारखेला मी या रस्त्यावर येतो.
तुकडोजी पुतळ्यापासून मानेवाड्याकडे
उजव्या हातानं जातो, डाव्या हातानं परत.
पाट्या वाचत नाही. पाट्या बदलतात.
मी आकडे वाचतो.

सिमेंटचा रस्ता झाला तेव्हा दीड फूट वर आला
आणि जुनी दुकानं न हलता खाली गेली.
लांजेवारांच्या कापड दुकानात आता उतरावं लागतं,
डोकं सांभाळून.
"रस्ता मोठा झाला भाऊ," ते म्हणतात,
"आम्ही होतो तेवढेच आहो."
त्यांचं मीटर माझ्या छातीशी होतं,
आता गुडघ्याशी आलंय.
वाकून फोटो काढतो.

पलीकडची नवी दुकानं रस्त्याच्याही वर.
चार पायऱ्या, काचेचं दार,
मोमो, मोबाईलची कव्हरं, दातांचा दवाखाना,
कुत्र्यांचे केस कापायचं सलून.
मे महिन्यात कुत्र्यांना दोन एसी लागतात,
तिथला पोट्टा सांगत होता.
खरंच लागतात. आकडा माझ्याजवळ आहे.
माझ्या घरच्या कूलरसारखे सहा कूलर
त्यात चालले असते.

पुढे, वळणावर, गिरणी होती.
शेवंताबाई डोमाजी पराते,
थ्री फेज, दहा हॉर्सपॉवर.
पट्ट्याच्या आवाजात ओरडून बोलायची,
लाइट गेली तरी ओरडूनच बोलायची.
भुवया पांढऱ्या, पिठानं की वयानं
ते मला शेवटपर्यंत कळलं नाही.
बिल आलं त्या दिवशी भरायची,
पावती तारेला टोचायची.
एकतीस वर्षांची तार.

कोरोनात गेली.
पुतण्यानं गाळा भाड्यानं दिला.
आधी मास्क, मग चायनीज, मग नुसतं कुलूप,
आता कॉफी.
प्रणय गेडाम आणि त्याची बहीण चालवतात.
गिरणीचा दगड त्यांनी फेकला नाही,
चार पाय लावून टेबल केलं.
टाकी लावल्याच्या खाचांत साखर अडकते,
बहीण ती टूथब्रशनं काढत असते.

फेब्रुवारीत तीन महिन्यांचं थकलं.
ऑफिसनं नोटीस माझ्याच हातात दिली.
श्रीमती शेवंताबाई डोमाजी पराते,
आपण थकबाकीदार आहात.
पंधरा दिवसांत रक्कम न भरल्यास.

भर उन्हात मी रस्त्यावर उभा राहिलो.
लाज वाटली.
काऊन वाटली, सांगता येत नाही.
नाव तर माझं नव्हतं.

"काका, नाव बदलायचं आहे," प्रणय म्हणाला,
"पण फॉर्मवर मालकिणीची सही पाहिजे,
अन् मालकीण तर वर आहे."
हसला. मग हसू तसंच राहिलं तोंडावर,
काढायला विसरल्यासारखं.
समोरच्या ओळीत अजून दोन कॉफ्या उघडल्यात,
एकीत तर झोपाळा आहे.
"तुम्ही पाहिलं होतं तिले?" त्यानं विचारलं.
मी म्हटलं, पाहिलं होतं. ऐकलंही होतं.
त्यानं मला फुकट कॉफी दिली.
कडू होती. मी साखर मागितली नाही.

मार्चमध्ये आलो तेव्हा
त्याची बुलेट दारात नव्हती.
मी विचारलं नाही.
पेटी उघडली, काचेवरून बोट फिरवलं.
पेटीच्या फटीतून पीठ निघतं अजून, थोडंसं,
कोणत्या सालचं कोण जाणे.
पुढच्या वर्षी स्मार्ट मीटर लागणार म्हणतात.
ते आपला आकडा आपणच पाठवतं,
वाकायला माणूस लागत नाही.

मी रस्ता ओलांडून लांजेवारांकडे पोचलो होतो.
मागून हाक आली.
प्रणय, चौथ्या पायरीवर, हातात कागद.
मध्ये बस, दोन टिप्पर, कोणाचातरी हॉर्न.
"काका! भरलं!"
गळ्याच्या शिरा ताणून ओरडत होता,
"सांगून द्या तिले, भरलं म्हणून!"

मी म्हटलं, हौ.
त्याला ऐकू गेलं नसावं.
मग मीही ओरडलो.