नव्वद दिवस

लॅबमधली तिसऱ्या टेबलावरची मोटर जळाली
तेव्हा स्विचपाशी मीच होते.
तीनातली एक फेज गेली होती, तरी ती फिरत राहिली,
कण्हत, तापत,
कुणालाच कळलं नाही, वास येईपर्यंत.

तो वास माझ्या ओळखीचा.
बेनिन सिटीत, टायरवाला आणि वेण्या घालणारी बाई
यांच्या मधोमध बाबांचं दुकान,
तिथे हवाच त्या वासाची:
भाजलेलं वॉर्निश, तांबं, आणि आईचं रिकामं स्टूल,
ज्यावर आता वायरची रिळं असतात.

डॉक्टर ओसागिएदे म्हणाले, नवी मागवू.
मी म्हटलं, सर, माझे वडील वाइंडिंग करतात.
मागच्या बाकावर कुणीतरी हसलं.

रविवारी चर्चनंतर बाबांनी तिचं पोट उघडलं.
छत्तीस खाचा. ते मोजतात आमच्या भाषेत,
ओक्पा, एवा, एहा,
बोलत नाहीत, ओठ फक्त हलतात.
पुस्तकात किती वेढे येतात, त्यांनी विचारलं.
मी कॅल्क्युलेटर काढला. त्रेचाळीस पूर्णांक सहा.
"मग तो सहाचा वेढा
कसा घालायचा, विचार तुझ्या सरांना."
आणि चव्वेचाळीस घातले.

मधेच वीज गेली. त्यांची बोटं थांबली नाहीत.
तासाभराने गल्लीभर पोरं ओरडली, अप नेपा!
तेव्हाही त्यांनी मान वर केली नाही.
युनिव्हर्सिटीत असं होत नाही.
तिथे दिवे जात नाहीत,
जनरेटरचा खर्च फीमध्ये धरलेला असतो.

मोटर चालली. सरांनी तिच्यावर तळहात ठेवला,
बराच वेळ ठेवला.

खिडकी क्रमांक दोनवर बिल घेतलं, शिक्का मारला:
पैसे नव्वद दिवसांनी.
खिडकी क्रमांक तीनवर माझा दुसरा हप्ता:
शुक्रवारपर्यंत, नाहीतर परीक्षेची चिठ्ठी नाही.
दोन्हीकडे एकच बाई. खुर्ची सरकवून
ती इकडून तिकडे गेली,
आणि बाबांना पुन्हा नव्याने विचारलं,
"बोला, काय काम आहे?"
चर्चचा शर्ट घातलेले बाबा म्हणाले,
"मी इसोकेनचा वडील."
बिलाचं त्यांनी नावही काढलं नाही.

हप्ता टायरवाल्याने दिला. व्याज नको म्हणाला,
बदल्यात त्याचा कॉम्प्रेसर आयुष्यभर.

प्रश्न चौथा, गुण आठ:
चालत्या तीन-फेज मोटरची एक फेज तुटली तर काय होईल?

मी लिहिलं: भार फार नसेल तर ती थांबणार नाही.
उरलेल्या दोघी तिसरीचंही ओझं ओढतील.
आवाज बदलेल, पण रोज ऐकणाऱ्याला तो कळणार नाही.
आतून तापत जाईल.
बाहेरून सगळं फिरताना दिसेल.

आठापैकी सात मिळाले.
समासात लाल शाईने सरांनी लिहिलं होतं:
संरक्षण कसं द्यायचं, ते राहिलं.