सातवी जोडी

टेलिफोन खात्यात चौतीस वर्षं मी केबल जॉइंटर.
रावपुऱ्यातल्या खड्ड्यात उकिडवा बसून
शंभर जोड्यांच्या गुंत्यातली एक धरायची,
बझर लावायचा.
पलीकडे दांडिया बाजारच्या खांबाशी रमण परमार,
त्याच्या कानात वाजलं की ओरडायचा: आवी गयुं!
म्हणजे ही तार तीच. पीळ घाल, पुढची घे.

त्यामुळे डॉक्टर झंखना पारेख
कागदावर मेंदू काढून समजावू लागल्या, तेव्हा म्हटलं,
बाई, कळलं. एका टोकाला तुम्ही करंट देणार,
दुसऱ्या टोकाला मी बोलणार.
फक्त इथे रमणही मीच आणि खड्डाही मीच.
त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, हो, तसंच.

मग विचारलं, दोनांतली एकच भाषा वाचणार असेल तर कुठली?
दक्षा शेजारी बसली होती,
पर्सची चेन उघडत, मिटत.
मी म्हणालो, पैसे मोजतो मराठीत,
भांडतो गुजरातीत.
दोन्ही लागतात.

डोकं तीन खिळ्यांत घट्ट. निळ्या कापडाचा तंबू.
फटीतून दिसतात सुगंधा दिघे, आणि त्यांच्या हातातली चित्रं.
हे कुलूप आहे.
हा कंदील आहे.
ही सुई.
दुखत नाही काहीच. मेंदूला स्वतःचं दुखणं कळत नाही म्हणे,
सगळ्या अंगाचं तेवढं कळतं.
मागे कुठेतरी दोन टोकांची सळई टेकते, उचलते,
आणि मी म्हणतो: हा छत्री आहे.
शब्द जागेवर, फक्त ‘ही’चा ‘हा’ झालेला.
पडद्यामागे कुणीतरी आकडा लिहिलेला
इवलासा कागद ठेवतं. चार.

मग पक्षी आला.
तारेवर बसतो तो, ज्याची घरटी आमच्या
डीपीच्या डब्यांत निघायची, काड्या, पिसं,
कधी निळसर अंडं.
मी म्हणालो, चकली.
नगरहून आलेल्या शिकाऊ डॉक्टरने लिहिलं: चूक,
पक्ष्याला फराळाचा पदार्थ म्हणाले.
सुगंधाबाईंनी त्याला थांबवलं.
अरे, गुजरातीत चकली म्हणजे तीच.
सगळे हसले असावेत. यंत्रं तरी हसल्यासारखी वाजली.

मला हसू आलं नाही. मला दुसरं नाव हवं होतं.
मेलेल्या लाइनीत पोकळी ऐकू येते, ती मला पाठ आहे.
ही तसली नव्हती.
पलीकडे कुणीतरी रिसीव्हर उचललाय,
श्वास येतोय,
बोलत मात्र नाही.

सळई उचलली.
चिमणी, मी म्हणालो. चिमणी, चिमणी.
एकदा पुरे, सुगंधाबाई म्हणाल्या.
डॉक्टरांना पुरलं नाही. पुन्हा टेकवली. चकली.
पुन्हा. चकली.
मग कागद ठेवला. सात.

त्यानंतर खोल उतरल्या त्या. खाली पांढरं लागलं,
तिथे म्हणे शब्द राहत नाहीत,
शब्दांच्या जायच्या-यायच्या वाटा असतात.
किती वेळ गेला माहीत नाही.
मी कपाट, मोर, हातोडी म्हणत राहिलो,
आणि एका ठिकाणी ‘हे’च्या पुढे काही येईना,
हे, हे, हे,
तेव्हा झंखनाबाईंचा आवाज आला: बस. इथेच.

तिसऱ्या दिवशी सांगितलं त्यांनी.
सगळं नाही निघालं. सातच्या मागे
चिंचोक्याएवढं ठेवलंय. तुमची मराठी त्यावरून जाते.

मी मान हलवली तेवढी.
पावसात भिजलेले जॉइंट आम्हीही असेच सोडायचो,
माणसं त्यावर बोलत असली तर उघडायचं नाही,
वरून कोरडं कापड, टेप,
आणि वहीत नोंद: पुढे बघू.

पंचवीस जोड्यांच्या बंडलात सातवी लाल-नारिंगी.
अंधारातसुद्धा ओळखायचो,
म्हणजे तसं वाटायचं.

रात्री दक्षा बाकावर घोरते.
मी ओठांतल्या ओठांत मोजतो,
एक, दोन, तीन, पैसे नसलेले पैसे.
सातपाशी थांबतो,
कान देतो.

आवी गयुं.