आठ हजार वेढे

रियाजभाई तांबोळींच्या दुकानात
यंत्रमागाच्या मोटारी पोट उघडून पडलेल्या असतात.
मी नेलेली तार उजेडात धरून ते म्हणाले,
"ही तार आहे, की कुणाच्या डोक्यातला केस?"
तरी घेतली. शिलाई मशीनच्या मोटारीवर बॉबिन चढवलं
आणि चिमटीत ताण धरून मोजत बसले.
मध्ये चहा आला.
४२०० असं खडूनं भिंतीवर लिहिलं,
मग बशी उचलली.

वेढे वाढले की आवाज जाड होतो, मी सांगत होते,
मधला भाग भाकरीसारखा फुगतो,
वरचं टोक बोथट.
"म्हणजे जोर जास्त, धार कमी?"
हो.
"माणसांचंही तसंच," म्हणाले,
आणि पुढचे वेढे मनात मोजू लागले.

लाकूड दोन जातींचं.
एक, माळ्यावर पडलेल्या हातमागाचा सागवानी खांब,
खळीचा वास अजून धरून बसलेला.
दुसरा आंबा, अक्कलकोट रोडच्या वखारीतला,
किलोवर घेतलेला.
एकाच पुठ्ठ्यावरून दोन्ही बॉड्या कापल्या.
पिकअप तोच, तारा त्याच:
सकाळी सागात, दुपारी आंब्यात.
प्रत्येक वेळी डाग काढायचा, डाग द्यायचा.
एप्रिल. पत्र्याखाली सोल्डर लवकर थिजतही नव्हतं.

फरक आहे, असं वाटलं.
मग वाटलं, नाही.
ड्रम वाजवणाऱ्या व्यंकटेश चिलवेरीनं
डोळे मिटून पाच वेळा ओळखलं, तीन वेळा चुकला,
आणि आपला कान कसा तयार आहे
ते मला सांगत बसला.

चुंबकाला लाकूड ऐकू येत नाही, हे खरं.
त्याला पोलाद तेवढं कळतं.
समोर तार हलली की तो जागा होतो
आणि तांब्याच्या त्या आठ हजार वळणांना कळवतो.
मिरजेची सतार भोपळ्यातून बोलते.
हिच्यात बोलायला पोकळीच नाही.

शिवाय शेजारच्या शेडमध्ये बारा माग.
एकेरी कॉइल त्यांची सगळी घरघर पिते;
मी तारांना हात न लावताही स्पीकर गुणगुणत राहतो.
लाइट गेली की घरघर थांबते, पण गिटारही थांबते,
तेव्हा तो काही उपाय नव्हे.
दुसरी कॉइल उलटी गुंडाळून शेजारी बसवली
की दोघी एकमेकींची घरघर खोडून टाकतात,
जावाजावांसारख्या.
करून पाहिलं. घरघरीबरोबर
तारेच्या टोकावरचं काहीतरी चकाकणारंही गेलं.
मी एकेरीच ठेवली. माग ऐकू येतात तर येऊ देत.

नानांना ते येत नाहीत.
चाळीस वर्षं त्यांच्यात उभे राहिले,
कान तिथंच ठेवून आले.
आमच्या घरात अजून मागावरच्या खुणा चालतात:
दोन बोटं जुळवून झटकन फाकवली
की धागा तुटला.
पाणी संपलं, गॅस संपला, सगळ्याला तीच खूण.

अॅम्प बंद होता. मी आंबा मांडीवर घेतला,
नानांचा तळवा बॉडीवर टेकवला
आणि सगळ्यात जाड तार सोडली.
थोड्या वेळानं त्यांची बोटं जुळली,
झटकन फाकली.

मग साग.
तार सोडली. ऐकत राहिले.
विरत गेली, आणखी विरत गेली,
माझ्यापुरती संपली.
गल्लीतून कुणाची तरी मोपेड गेली.
नानांचा हात अजून उचलला नव्हता.

म्हणजे लाकूड काही देत नाही बहुतेक.
तारेकडून किती घ्यायचं, किती लवकर घ्यायचं,
एवढंच ते ठरवतं.
हे मी व्यंकटेशला सांगणार होते,
पण तो वाद घालेल.

शेवटी नानांनी हात काढला, गिटार उचलून पाहिली,
आणि बहिरी माणसं बोलतात तसं
सगळ्या गल्लीला ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं म्हणाले,
"जड आहे गं. पाठ धरेल तुझी."