सिंकचा तुकडा

पुखराजशेठच्या गोदामात लाद्या उभ्या होत्या
एकमेकींना टेकून, रेकॉर्ड रूममधल्या फायलींसारख्या.
बत्तीस वर्षं महापालिकेत फायलीच काढल्या मी,
कडेकडेनं बोट फिरवत गेले
आणि एकीपाशी थांबले.
पांढरी, आणि तिच्यात राखाडी शीर,
निवृत्तीच्या आदल्या दिवशी साहेबानं घाईत ठोकलेल्या सहीसारखी.

"ताई, ओट्याला काळा ग्रॅनाइट घ्या,"
शेठ स्वतःच्याच मालाविरुद्ध बोलले.
"त्यात काही दिसत नाही. हा दगड लिंबाला भितो."
आणि वीतभर तुकडा दिला, पेपरात गुंडाळून.
"रात्रभर लिंबू ठेवा यावर. सकाळी ठरवा."

लिंबाची फोड, चमचाभर आगळ, हळदीचं एक बोट.
मोरेश्वर रात्री दोनदा उठला बॅटरी घेऊन.
सकाळी लिंबाखाली गोल, आंधळा डाग,
आगळाखाली फिकट जांभळा,
हळद तर काय, हळदच.
"घेऊया," मी म्हटलं.
का, ते अजून सांगता येत नाही.
करड्या टेबलावर डबा खाल्ला जन्मभर, एवढंच.

हौसाबाईंना कुणी विचारलं नव्हतं.
ओटा बसला त्या दिवशी पदर खोचून समोर उभ्या राहिल्या.
"झ्याक आहे," म्हणाल्या. "पुसायचा कुणी?"

मग नियम आले.
चिंच ताटलीत. कोकम ताटलीत. टोमॅटो पाटावर.
व्हिनेगर नको, भांड्यांची पावडर तर नकोच.
ओल्या फडक्यामागून लगेच कोरडं फडकं.
महिन्यातून एकदा पाण्याचा थेंब टाकून बघायचा:
टपोरा उभा राहिला तर ठीक,
पसरला की सीलरचा हात.
तरी डाग पडलाच तर सोड्याचा लेप, वर प्लास्टिक,
गळवाला पोटीस बांधावं तसं, एक दिवस एक रात्र.
हौसाबाई ऐकत होत्या
नव्या डॉक्टरचं ऐकतात तसं.

सिंकसाठी कापलेला चौकोन जिन्यात पडून होता.
भंगारवाला हात लावेना.
"मी नेऊ?" म्हणाल्या, आणि नेला,
जावयाच्या रिक्षातून, मांडीवर घेऊन, पार टेंभीपाड्यापर्यंत.

नातीच्या बारशाला गेले तेव्हा दिसला.
खिडकीखाली, चार विटांवर.
रंग ताकाच्या निवळीवर गेलेला,
वर मांदेली, मीठ, कोकमं मोकाट,
आणि राखाडी शीर.
माझ्याकडे ती सिंकच्या अल्याड तुटते,
पल्याड पुन्हा लागते.
सहीतली मधली अक्षरं इथं होती.

"बसा, सरबत करते," म्हणून हौसाबाईंनी
दगडावरच लिंबू चिरलं.
माझा हात पुढे गेला,
मग मीच तो मागे घेतला.