सांतियागो देल एस्तेरो, दुपारी अडीच

एकला दुकानांची शटरं पडतात
ती साडेपाचपर्यंत उठत नाहीत.
पंचेचाळीस अंश. कुत्रीसुद्धा
बँकेच्या दाराखालून झिरपणाऱ्या गारव्याला
पोट लावून पडलेली.
देशातलं सगळ्यात जुनं शहर, असं शाळेत शिकवतात.
दुपारी ते पटतं:
म्हाताऱ्यासारखं तोंड उघडं टाकून झोपतं.

जागा मी. विजेची मीटरं वाचत
नदीकडच्या गल्ल्यांतून.
नदीचं नाव गोड नदी. चव मातीची.
दारांआड पंखे.
कुणाची पाती सैल झालीत,
कुणाचा नवरा हल्ली परसात झोपतो,
घरघरीवरून कळतं मला.
झाडांत कोयुयो कंठ फोडतायत.
हे किडे ओरडले, तरच अल्गारोबोच्या शेंगा पिकतात
म्हणे.

अठ्ठावीस नंबरचं दार उघडं होतं.
मीटर आत, परसात, खुराड्याच्या वर.
एदुविखेसबाई खुर्ची टाकून
कोंबड्यांशी बोलत होती,
जी बोलल्याबद्दल शाळेत तिला
मक्याच्या दाण्यांवर गुडघे टेकायला लावले
त्या भाषेत.
मला पाहिलं आणि लगेच स्पॅनिशमध्ये आली:
"या, या. केवढा घाम! काय देऊ?"

का कोण जाणे, तोंडातून गेलं,
"याकू."

ती उठली. मडक्यातून पेला भरून आणला.
मी पिऊन संपवेपर्यंत समोर उभी.
"कुणी शिकवलं?"

आजीनं, म्हणालो.
शेवटच्या तापात, सरकारी दवाखान्यात,
दोन दिवस एकच घोकत होती: याकू, याकू.
आम्हाला वाटलं, कुणा माणसाचं नाव.
बाबा तिच्या गावी जाऊन विचारून आले,
याकू नावाचा कुणी होता का हो इथं,
तिच्या लग्नाआधी?
आई तर रुसलीसुद्धा थोडी,
आजोबांच्या वतीनं.
पुढं कितीतरी वर्षांनी, रेडिओवर,
कुणीतरी शब्दाचा अर्थ सांगितला.
मी तेव्हा दाढी करत होतो.

एदुविखेस काही बोलली नाही.
दुसरा पेला भरला, काठोकाठ,
आणि मला न देता
अल्गारोबोच्या बुंध्याशी
सावकाश ओतला.
दाणे टाकले असं समजून
कोंबड्या धावत आल्या.

मी आकडा उतरवला.
चार हजार एकशे सहा, की एकशे साठ,
आता अक्षर लागत नाही.
पुन्हा जावं लागेल.