सहावं वळण, अकरावी फेरी

पार्नूच्या पश्चिमेला, पाइनच्या राईत,
मनोऱ्याच्या दुसऱ्या मजल्यावर आम्ही तिघं पंच:
मारिका, एरवी शाळेत रसायनशास्त्र शिकवते,
हेल्दूर, अर्धं लक्ष बेटावर जाणाऱ्या बोटीच्या वेळेकडे,
आणि मी, निवृत्त भूमापक.
कॉफी गार. पडद्यावर सहावं वळण,
चौदाव्यांदा.

निळी गाडी आतून घुसते.
पांढरी बाहेरून वळते.
मग दोघींमधली फट संपते
आणि पांढरी खडीत, धुरळ्यात,
तोंड उलटीकडे करून उभी,
भर पंगतीतून उठवलेल्या माणसासारखी.

"पाच सेकंद," हेल्दूर म्हणतो.
"दहा," मारिका. "मे महिन्यात याच वळणावर
आपण दहा दिले होते. फाईल आणू?"
तेव्हा पाऊस होता, मी म्हणतो.
"म्हणजे पावसात सभ्यपणा जास्त लागतो?"
मी पेनाचं टोपण काढतो, परत लावतो.

निळीचा आइवार टोम्सन, वय एक्कावन्न,
हेल्मेट मांडीवर, दुधाच्या किटलीसारखं:
"दार उघडं होतं. मी आत गेलो."
पांढरीचा तान्नो वेरिक, सतरा अजून पुरी व्हायचीत:
"दार उघडं नव्हतं. मी ते लावत होतो."
मारिका हसू दाबते. मी दोन्ही वाक्यं उतरवून घेतो.

आलेख म्हणतो, आधीच्या दहा फेऱ्यांत
आइवारचा ब्रेक वळणाआधी शंभर मीटरवर,
या फेरीत नव्वदवर.
या दहा मीटरांना काय म्हणायचं?
जिंकला असता तर लोक हिंमत म्हणाले असते.

एकतीस वर्षं मी जमिनी मोजल्या.
सामूहिक शेतं मोडली, जुन्या मालकांची नातवंडं
पिवळे नकाशे घेऊन परतली,
तेव्हा दर बांधावर एक म्हातारा उभा असायचा:
हा दगड इथं नव्हता.
दगड कुणीच हलवलेला नसायचा.
दरसाल नांगराचं एकच तास पलीकडे,
एवढंच.
बांध कोरणारा खोटं बोलत नाही.
त्याला बांध खरंच तिथं दिसतो.

आणि पाच सेकंद म्हणजे तरी किती?
तिसरा आला तो आइवारच्या नऊ सेकंद मागे.
पाच दिले तर चषक राहतो, दहा दिले तर जातो.
म्हणजे शिक्षेचं वजन ठरवणार
तो मागून येणारा,
ज्यानं वळणावरचं काहीच पाहिलेलं नाही.
"परिणाम बघायचा नाही, कृती बघायची,"
मारिका नियमावर बोट ठेवते.
पण परिणाम खिडकीखाली उभा आहे,
त्याच्या रेडिएटरमधून पाणी गळतंय.

दोन विरुद्ध एक. दहा.
कोण कुठल्या बाजूला, ते कागदावर येत नाही.
सह्या तीन, सारख्याच.

आइवारनं कागद वाचला, चार घड्या घातल्या.
"मे महिन्यात खडीत मी होतो," म्हणाला.
"तेव्हा हे दहा मला फार थोडे वाटले होते."
आणि जिना उतरून गेला, कठड्याला न धरता.

हेल्दूरची बोट चुकली.

मी टेप घेऊन वळणावर गेलो.
रात्रीचे नऊ; उजेड जागच्या जागी,
जूनमध्ये तो इथून नीट जातच नाही.
निळीच्या रबराच्या खुणेपासून कडेच्या पांढऱ्या पट्ट्यापर्यंत
मोजलं. पुन्हा मोजलं.
पट्ट्याच्या आतल्या काठापर्यंत धरलं
तर एका गाडीची जागा नव्हती.
बाहेरच्या काठापर्यंत धरलं तर होती.
पट्टा बारा सेंटिमीटर रुंद.
आकडा कुठं लिहिला नाही.

पलीकडे तान्नोचा बाप
एकटाच गाडी ट्रेलरवर चढवत होता.
"जरा हात लावता का?"
मी कोण, हे त्याला ठाऊक होतं की नव्हतं.
टेप खिशात टाकली, मागून रेटा दिला.
चाकांतली खडी
फळीवर एकेक पडत राहिली.