विहिरी किती

निपाणीच्या वाचनालयात, वखारीला लागून असलेल्या खोलीत,
मी माझं पुस्तक वाचून दाखवलं.
डोंगरापलीकडच्या शिंगवाल्या माणसांची गोष्ट.
राजानं त्यांची बोली बंद केली,
वेशीवरचे दगड रातोरात बदलले,
पोरांची नावं नव्या अक्षरांत बसेनात
म्हणून नावंच छाटली.
पुढच्या रांगेत बाळासाहेब नलवडे
रुमालानं डोळे टिपत होते.
कुणाला काही समजवावं लागलं नाही.
बस स्टँडवरची पाटी सगळ्यांनीच वाचली होती,
म्हणजे, वाचता आली नव्हती.

मागून एक हात वर झाला.
दीक्षा कुरणे, सातवी ब, आई विडी वळते.
"मी विचारायलाच आलो," ती म्हणाली,
आमच्याकडच्या मुली म्हणतात तसं.
"सर, त्यास्नी शिंगं खरीच हाईत न्हवं?
रागावली की आग निघती त्यातनं?
मग राजा भ्याला, त्याचं काय चुकलं?
माझ्या आईला शिंगं न्हाईत.
तरी तिला च्या वरनंच ओतत्यात."

पंखा तेवढा फिरत राहिला.
"बाळ, ते रूपक आहे."
"कुणाचं?"

मला यमगर्णीचं आमचं परसू आठवलं,
खुंटीला कान तुटका कप.
त्यातून पिणारा नि तो विसळून ठेवणारा माणूस एकच.
पाट्या, दगड, अक्षरं, सगळं मी गोष्टीत उचलून नेलं.
कप तिथंच राहिला.
आणि आज त्या खोलीत
जो तो आपल्या डोक्यावरची शिंगं चाचपत होता,
राजाच्या खुर्चीत बसायला कुणी तयार नव्हतं.
मी तर नाहीच.

तिनं पुस्तक मात्र परत दिलं नाही.
"दोनदा वाचलंय. ती पोरगी डोंगरावरनं उडती ते लई आवडलं.
फकस्त येवढं सांगा,
शिंगवाल्यांच्या गावात विहिरी किती?"

पहिल्या पानावर माझ्या हातचा नकाशा आहे.
डोंगर, नदी, वेस, देऊळ.
विहीर काढायची राहूनच गेलेली.

शेवटच्या बसमध्ये, तंबाखूच्या वासात,
मी पेन्सिलीनं एक गोल काढला, देवळापाशी.
मग हात थांबला.
दुसरा कुठं काढायचा
ते मला, कुणालाही न विचारता,
नीट माहीत होतं.